भरतीपर्यंत

बस मला उतरवून वळली तेव्हा
बंदरात पाणीच नव्हतं.
नुसता गाळ, दुधाळ कॉफीच्या रंगाचा,
आणि त्यात कलंडलेल्या सात होड्या,
जेवण अंगावर आल्यावर
जिथल्या तिथे लवंडलेल्या पाहुण्यांसारख्या.

दोन नद्या इथून थोड्या वर एकत्र येतात
आणि लग्नात दोघींनीही नाव बदलावं तशा
पुढे जिरोंद म्हणून वाहतात.
आत्ता ती दूर, मधोमध,
एक चकाकती पट्टी.

धक्का म्हणावा असा धक्काही नाही.
काळे लाकडी खांब, त्यांवर भरतीनं ओढलेली हिरवी रेघ,
गंजून एकाच आकड्यावर अडकलेला वजनकाटा,
आणि बांधापलीकडे लगेच द्राक्षमळे.
रांगा थेट काठाशी येऊन थांबलेल्या,
त्यांनाही कुठे जायचं होतं
आणि होडी चुकली.

बंदराचं कार्यालय म्हणजे एक खोली.
आत गिस्लेनबाई, चष्मा नाकावर,
पुढ्यात आखलेली नोंदवही,
पेन दोरीनं टेबलाला बांधलेलं.
"नौकेचं नाव?"
म्हटलं, नौका नाही. बसनं आले.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं
आणि तरीही लिहिलं:

नौका – नाही.
लांबी – नाही.
पाण्याखाली किती – माहीत नाही.
मुक्काम – भरतीपर्यंत.

"या आठवड्यातल्या तुम्ही तिसऱ्या," म्हणाल्या.
पहिले दोघे कोण होते
ते मी विचारलं नाही.

वहीवर वजन म्हणून एक खोड ठेवलेलं,
पिळलेलं, मुठीएवढं,
दुखऱ्या गुडघ्यासारखं.
"लाबादींच्या मळ्यातलं," त्या म्हणाल्या.
"गेल्या हिवाळ्यात अकरा हेक्टर उपटले.
उपटायचे पैसे मिळतात हल्ली.
पिकवायचे मिळत नाहीत."
तीन दिवस धूर होता म्हणे बंदरावर.
वाळत टाकलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या.
एवढंच सांगितलं त्यांनी दुःखाबद्दल,
चादरींचं.

बाहेर आन्सेल्म जाळं सांधत बसलेला.
मोहरीच्या रिकाम्या बरणीत
त्यानं मला वाइन ओतून दिली.
मला त्यातलं काही कळत नाही.
लोक म्हणतात, मनुका लागतात, चामडं, देवदार.
मला लोखंड लागलं, आणि पावसात राहिलेला दोर.
तसं सांगितलं.
तो हसला नाही.
"चांगली नाहीच. लाबादींची आहे.
शेवटची."
मग मी हळू प्यायले.
जळून गेलेल्या मळ्याची वाइन
घटाघटा कशी पिणार?

पाणी आलं ते आवाज न करता.
आधी गाळातल्या भेगा ओल्या झाल्या,
मग सगळ्यात लहान होडी शहारली,
झोपेत कुणी नाव घेतल्यासारखी.
मग दुसरी. मग एकदम तिघी.
कुणीही उठवायला न जाता
सगळं बंदर सरळ उभं राहिलं.
आन्सेल्मनं मान वर करून
सात मोजल्या, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.
रोजच मोजत असावा.

बसचा हॉर्न वाजला.
गिस्लेनबाई दारात आल्या, वही घेऊनच.
घड्याळ पाहून वेळ लिहिली: सहा वाजून बारा.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथं त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं,
मला उलटं दिसत होतं,
आणि अक्षर फार बारीक.

बस बांधाखालून निघाली.
मळे, मळे, मग एक मोकळं काळं शेत,
त्यात भटकणारा एक बगळा.
खिडकीतून मागे पाहिलं तर
होड्यांच्या डोलकाठ्या बांधाच्या वर,
त्यांच्या मागे पाणी काठोकाठ.
नदी आता
शेतांपेक्षा उंच होती.